बाळाला बोलायला शिकवायचं म्हणजे घरात नक्की करायचं काय

"बाळाशी भरपूर बोला" हा सल्ला ज्याच्या त्याच्याकडून मिळतो, डॉक्टरांकडून, आजीकडून, शेजारच्या काकूंकडून, आणि तो खोटा नाहीये पण अर्धाच आहे. अर्धा सल्ला पाळायला गेलं की आईबाबा दिवसभर बाळासमोर रेडिओसारखे चालू राहतात, संध्याकाळपर्यंत घसा बसतो आणि बाळ बिचारं भलतीकडेच बघत बसलेलं असतं. उरलेला अर्धा भाग फार कमी लोक सांगतात, तो म्हणजे बोलून झालं की थांबायचं, बाळाच्या तोंडाकडे बघायचं आणि त्याला त्याची पाळी द्यायची. या विषयात एकच गोष्ट सांग असं कोणी म्हटलं तर मी हीच सांगेन, कारण बाळ शब्द ऐकून शिकतं हे तर आहेच, पण आपण आवाज काढला की समोरून कोणीतरी उत्तर देतं हे कळल्यामुळेही शिकतं. हे असं का होतं ते आधी नीट बघू, म्हणजे मग काय करायचं ते पाठ करावं लागत नाही, त्या त्या वेळी आपोआप सुचतं.

सुरुवात आपल्याला वाटते त्याच्या खूप आधी होते. पोटातल्या बाळाचे कान साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास काम करायला लागतात आणि तिथे सगळ्यात चांगला पोचतो तो आईचा आवाज. शब्द स्पष्ट नसतात, दबलेले असतात, पण बोलण्याची लय आणि चढउतार पोचतात. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोघा संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली, एका पद्धतीने चोखलं की स्वतःच्या आईचा आवाज ऐकू यायचा आणि दुसऱ्या पद्धतीने चोखलं की अनोळखी बाईचा, आणि जन्मून तीन दिवससुद्धा न झालेली ही बाळं आईचा आवाज लागेल अशा पद्धतीने चोखायला लागली. त्यामुळे "त्याला अजून काय कळतंय" हे वाक्य पहिल्या दिवसापासूनच चूक आहे.

त्याहून गंमत मला वाटते ती त आणि ट ची. आपल्याला हे दोन वेगळे आवाज आहेत हे कोणी सांगावं लागत नाही, पण इंग्रजीत वाढलेल्या मोठ्या माणसाला हा फरक बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, कितीही वेळा म्हणून दाखवा. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये छापलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या बाळांना हिंदीतले हे आवाज ऐकवले तर सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक छान कळत होता, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना कळेनासा झाला होता! म्हणजे बाळ येतं ते जगातल्या जवळपास कुठल्याही भाषेची तयारी ठेवून येतं, आणि पहिलं वर्ष संपेपर्यंत आजूबाजूची माणसं कोणते आवाज वापरतात हे बघून त्याच आवाजांवर जास्त लक्ष द्यायला लागतं. तोंडातून एकही शब्द आलेला नसताना हे सगळं आत चालू असतं. म्हणून ज्या महिन्यांत "अजून काही बोलत नाही" म्हणून आपण फार बोलायचा कंटाळा करतो, तेच महिने सगळ्यात कामाचे असतात.

आणखी एक अडचण बाळापुढे असते जी आपल्या लक्षातच येत नाही. आपण बोलतो तेव्हा दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाही, लिहिताना सोडतो तशी, बोलताना सगळं एकाला एक चिकटून येतं. अनोळखी भाषा ऐकली की आपल्याला कुठे एक शब्द संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला तेच कळत नाही ना, बाळाचं सुरुवातीला तेच होतं. ते मग कोणता आवाज कोणत्या आवाजाच्या मागे वारंवार येतो याचा हिशोब ठेवतं. जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की आठ महिन्यांची बाळं फक्त दोन मिनिटं अर्थ नसलेले, न थांबता येणारे आवाज ऐकून त्यातले तुकडे ओळखायला लागतात. दोन मिनिटं फक्त. आता यातून घरी करायचं काय तर वाक्यं छोटी ठेवायची आणि एकच शब्द वेगवेगळ्या छोट्या वाक्यांत फिरवायचा. "बॉल कुठाय? हा बघ बॉल. मोठ्ठा बॉल. अरे, बॉल गेला!" असं बोललं की बाळाला तो तुकडा सुटा करून उचलायला सोपं जातं. "चल आता आपण पटकन आवरून घेऊ आणि मग तुला तो परवा आणलेला बॉल देते" यात बॉल आहे खरा, पण बाळाच्या हाताला लागत नाही.

आणि आवाज. बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप उंच होतो, शब्द ताणले जातात, गाण्यासारखे चढउतार येतात. काही जणांना, खास करून नव्या बाबांना, चारचौघांत असं बोलायला लाज वाटते, आणि काही जण ठामपणे सांगतात की आम्ही बाळाशी मोठ्या माणसासारखंच बोलतो. मला विचाराल तर बिनधास्त लाडात बोला. बाळं अशा बोलण्याकडे जास्त लक्ष देतात हे कितीतरी वेळा तपासून झालंय. फक्त लाडाचा सूर वेगळा आणि शब्द मोडून बोलणं वेगळं, सूर हवा तेवढा लाडका ठेवा पण "लात्ली दूदू पायजे का ले" असं करायची गरज नाही, शब्द पूर्ण आणि स्पष्ट म्हणा. भूभू, माऊ, भुर्र हे चालतात, उलट म्हणायला सोपे असतात आणि बाळाला पटकन जमल्याचा आनंद मिळतो, त्याच्या जोडीला खरा शब्दही कानावर पडू द्या म्हणजे झालं.

आता पाळीबद्दल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. माझा भाचा आठेक महिन्यांचा होता तेव्हा माझी बहीण त्याचे कपडे बदलताना मी शेजारी बसून बघत होते. तो आडवा, पाय जोरात हलवतोय, आणि मधेच म्हणाला "अब्बा". बहीण हातातला मोजा तसाच धरून थांबली, तोंड त्याच्या समोर आणलं, भुवया वर केल्या आणि म्हणाली, "अब्बा? मोजा हवाय? हा मोजा!" आणि गप्प. एवढंच. पाय हलायचे थांबले, नजर तिच्या डोळ्यांवरून ओठांवर आली, त्याने स्वतःचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आवाज नाही, आणि बराच वेळ गेल्यावर "बा!" आणि खुदकन हसला. त्या मधल्या शांततेत माझी जीभ वळवळत होती की काहीतरी बोलावं, त्याला मदत करावी, पण बहीण थांबून राहिली आणि म्हणून तो "बा" आला. बाळाचे हातपाय अचानक शांत झाले की समजायचं आत काम चालू आहे, तेव्हा मधे बोलायचं नाही.

ही नुसती मायेची गोष्ट नाहीये, हे मोजून बघितलेलं आहे. मायकेल गोल्डस्टीन, अँड्र्यू किंग आणि मेरेडिथ वेस्ट यांनी २००३ मध्ये साधारण आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांना दोन गटांत विभागलं. एका गटातल्या आयांनी बाळाने आवाज काढला की लगेच हसायचं, जवळ यायचं, हात लावायचा, आणि दुसऱ्या गटातल्या आयांनी हेच सगळं करायचं पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळवता. प्रेम दोन्हीकडे तेवढंच, पण ज्या बाळांना आपल्या आवाजाला लागून उत्तर मिळालं त्यांचं बडबडणं तिथल्या तिथे सुधारलं, जास्त शब्दांसारखं झालं. उलट बाजू एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात दाखवली होती, आई बाळाशी छान खेळताखेळता अचानक चेहरा कोरा करते आणि काहीच प्रतिसाद देत नाही, फक्त दोन-तीन मिनिटं, तर बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, सगळे प्रयत्न करून झाले की तोंड फिरवतं आणि रडकुंडीला येतं. मला हे आठवतं ते आपण फोनमध्ये डोकं घालून "हं हं" करतो तेव्हा. कधीतरी होतंच ते, सगळ्यांचं होतं, त्याने काही बिघडत नाही, पण दिवसभर तेच चाललं तर बाळ मग बोलवायचं सोडून देतं.

स्क्रीनचं उत्तरही यातच आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली, काहींशी खरी माणसं समोर बसून बोलली, खेळली, पुस्तकं वाचली, आणि काहींना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना त्या भाषेतला आवाजांचा फरक ओळखता यायला लागला, टीव्हीवाल्यांना अजिबात नाही. म्हणून "शिकवणारे व्हिडिओ" लावून बाळ बोलायला शिकेल ही आशा सोडा, त्यात गाणी कितीही गोड असली तरी. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्लाही असाच आहे, एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नकोच, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. व्हिडिओ कॉलचं मात्र वेगळं, तिथे पलीकडची आजी बाळाच्या आवाजाला उत्तर देते, नाव घेते, थांबते, त्यामुळे ते खरं बोलणंच झालं. आणि कोणी बघत नसताना नुसता मागे चालू असलेला टीव्ही, तो बंद करा असं मी अगदी हात जोडून सांगेन. तो चालू असला की मोठी माणसं नकळत कमी बोलतात, बाळंही कमी आवाज काढतात, आणि जे बोललं जातं ते त्या गोंगाटातून वेगळं काढणं बाळाला जड जातं.

बरं, बोलायचं कशाबद्दल? बाळ जिकडे बघतंय त्याच्याबद्दल. हा नियम इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसत नाही पण आपण बरोबर उलटं करतो, बाळ खिडकीकडे बघत असतं आणि आपण त्याच्यासमोर खुळखुळा नाचवत "हे बघ, हे बघ" करतो. त्याचं लक्ष आधी वळवायचं आणि मग शब्द द्यायचा यात त्याची अर्धी शक्ती वळण्यातच जाते. त्यापेक्षा त्याच्या नजरेच्या मागे जा, खिडकी बघतंय तर खिडकी, चमचा आपटतंय तर चमचा, आणि तेवढ्या वेळात एकच शब्द नीट द्या. साधारण नऊ ते बारा महिन्यांत बाळ बोट दाखवायला लागतं आणि हे बोट म्हणजे अक्षरशः प्रश्न असतो. दिव्याकडे बोट केलं, मग तुमच्याकडे बघितलं, पुन्हा दिव्याकडे, तर "दिवा! दिवा लागला" असं लगेच म्हणा. जी मुलं लहानपणी खुणा जास्त करतात, टाटा, बोट, मान हलवणं, दे म्हणून हात पुढे करणं, त्यांचे शब्दही पुढे जास्त असतात असं दिसून आलंय. त्यामुळे "खुणा केल्या की बोलणार नाही" ही भीती मनातून काढून टाका.

किती वेळ थांबायचं याचंही एक कारण आहे. ऐकलेला शब्द डोक्यात शोधायला बाळाला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. अॅन फर्नाल्ड यांनी १९९८ मध्ये चित्रं दाखवून हे तपासलं होतं, पंधरा महिन्यांचं बाळ शब्द पूर्ण ऐकून झाल्यावर बरोबर चित्राकडे नजर वळवायचं आणि दोन वर्षांचं मूल शब्द संपायच्या आधीच वळवायचं. आणि हे फक्त समजण्याचं झालं, त्यानंतर ओठ, जीभ, श्वास सगळं जुळवून आवाज काढायचा म्हणजे आणखी वेळ. म्हणून प्रश्न विचारला की मनातल्या मनात सावकाश पाच आकडे मोजा, लागले तर दहा. सुरुवातीला हे फार लांब वाटतं. आणि आलेलं उत्तर शब्दच असायला हवं असं नाही, नजर, हसू, हात, नुसता हुंकार, काहीही आलं तरी ती त्याची पाळी झाली, पुढचं तुम्ही बोला.

"म्हण ना, म्हण, बाबा म्हण, एकदा म्हणून दाखव" हे मात्र बंद करावं असं मला मनापासून वाटतं. पाहुणे आले की तर बाळाची परीक्षाच सुरू होते, आणि बाळ गप्प बसतं, आणि मग त्याच्यासमोरच "घरी म्हणतो हो सगळं" अशी चर्चा. बाळाला समजतं खूप आणि बोलता येतं थोडं, हे अंतर पहिली दोन वर्षं राहतंच. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनासुद्धा रोजच्या वस्तूंची आणि शरीराच्या भागांची काही नावं कळत असतात हे २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, म्हणजे पहिला शब्द तोंडातून यायच्या कितीतरी आधी. म्हणायला लावण्यापेक्षा म्हणायची जागा तयार करा. रोज तेच गाणं म्हणताय ना, मग शेवटचा शब्द सोडून द्या आणि बघत रहा. बॉल टाकायच्या आधी "एक, दोन..." म्हणून थांबा. दूध की पाणी, दोन्ही दाखवा आणि विचारा. हो-नाही पेक्षा असे प्रश्न चांगले, त्यात शब्द आयता समोर असतो.

बाळ चुकीचं बोललं की "असं नाही, नीट म्हण" असंही नको. "पाई" म्हणालं तर "हो, पाणी! पाणी हवंय" म्हणा, बरोबर उच्चार त्याला ऐकू गेला आणि त्याचं बोलणं पोचलं हेही कळलं. एक शब्द आला की त्यात एक-दोन भर घालून परत द्यायचा, "गाडी" ला "लाल गाडी" किंवा "गाडी गेली". सगळ्या चार पायांच्या प्राण्यांना भूभू म्हणणं ही चूक नसून हुशारी आहे, त्याने एक गट ओळखलाय, तुम्ही "ही माऊ, बघ शेपटी" एवढं म्हणून पुढे चला. त, द, प, ब, म लवकर येतात, र, ळ, श, क्ष असे आवाज उशिरा, काही तर चार-पाच वर्षांनाही कच्चे असतात, त्यासाठी दीड वर्षाच्या मुलाला दुरुस्त करत बसू नये.

बोलताना चेहरा समोर आणि बाळाच्या उंचीवर हवा, कारण चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान बाळं डोळ्यांपेक्षा ओठांकडे जास्त बघायला लागतात, आवाज कसा बनतो ते तिथून उचलतात. दिवसभर तोंडात चोखणी असेल तर बडबडायला तोंड मोकळं राहत नाही, झोपेपुरती ठेवा. पुस्तकं अगदी सहा महिन्यांपासून चालतात, ती खाल्ली तरी चालतील, गोष्ट पूर्ण वाचायचा हट्ट नको, एका पानावर बाळ रमलं तर त्याच पानावर बसा.

दोन भाषांबद्दल नेहमी विचारतात. आई एक बोलते, बाबा दुसरी, बाळ गोंधळेल का, एक बंद करायची का. नाही, करू नका. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही, फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. एका भाषेत दहा आणि दुसरीत बारा असतील तर एका भाषेपुरतं बघणाऱ्याला ते मूल मागे वाटतं, आणि ते मागे नसतं. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गाणं म्हणता येतं तीच बाळाशी बोला, मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत बोलून त्याला काही मिळत नाही.

आता काळजी कधी करायची हे थोडं सविस्तर सांगते कारण इथेच वेळ वाया जातो. "मुलगा आहे, उशिरा बोलेल", "त्याचे बाबा पण तीन वर्षांनी बोलले" ही वाक्यं धीर देतात, पण तपासणीच्या जागी ती चालत नाहीत. सगळ्यात आधी कान. ज्या बाळाला ऐकू येत नाही ते पण सुरुवातीला आवाज काढतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही, पण बा-बा, दा-दा असं बडबडणं साधारण दहा महिन्यांपर्यंत आलं नसेल तर ऐकण्याची तपासणी झालीच पाहिजे. खरं तर ती जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच व्हावी, त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत बेरासारखी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) पुढची टेस्ट होऊन निदान व्हावं आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असं तज्ज्ञांचं म्हणणं आहे. जन्मल्यावरची टेस्ट ठीक आली म्हणजे कायमचं सुटलो असंही नाही, नंतर वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठलं तरी ऐकणं कमी होतं. आणि "दार वाजलं की वळून बघतो" हा घरगुती पुरावा पुरेसा नाही, मोठा आवाज कळतो पण बोलण्यातले बारीक आवाज कळत नाहीत असं असू शकतं.

वयाचे टप्पे ढोबळ धरायचे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये जी यादी सुधारली त्यात १५ महिन्यांना आई-बाबा सोडून एखाद-दोन शब्द म्हणायचा प्रयत्न, १८ महिन्यांना तीन किंवा जास्त शब्द, दोन वर्षांना निदान दोन शब्द जोडून बोलणं आणि अडीच वर्षांना साधारण ५० शब्द असं आहे, आणि ही सरासरी नाही, चारपैकी तीन किंवा जास्त मुलांना त्या वयापर्यंत जमतं अशा गोष्टी निवडलेल्या आहेत. म्हणजे इथे मागे पडलं तर दाखवायलाच हवं. त्याशिवाय वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवत नाही, टाटा नाही, नजर देत नाही, तर शब्दांची वाट बघत बसू नका. आणि येत असलेले शब्द किंवा खुणा गेल्या, कुठल्याही वयात, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

जाताना एक करा. तपासणीच्या खोलीत बाळ हमखास गप्प बसतं, म्हणून घरी खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर कसं वागतं याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ फोनमध्ये घेऊन ठेवा, कळणारे शब्द आणि बोलता येणारे शब्द अशा दोन वेगळ्या याद्या लिहून न्या, बाळ ज्या पद्धतीने म्हणतं तसेच लिहा, आणि ऐकण्याची आधी झालेली टेस्ट असेल तर तिचा कागद सोबत ठेवा. "अजून थांबा, बोलेल" असं उत्तर आलं आणि तुमचं मन मानत नसेल तर स्पीच थेरपिस्टकडे आणि ऐकण्याच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागा, ती मागायला अजिबात संकोच करू नका.